नाक मोकळे का होत नाही?

वाचकांचे आरोग्यविषयक प्रश्न आणि त्यांची उत्तरे

नाक सतत चोंदलेले राहते, अशी तक्रार करणाऱ्या पत्रांपैकी काही पत्रांतील प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण त्यातील अडचण इतर बऱ्याच पत्रांच्या मुळाशीही दिसते.

प्रश्न : माझे वय ४१ वर्षे आहे. मागच्या वर्षी झालेल्या सर्दीनंतर माझे नाक पूर्णपणे मोकळे असे झालेच नाही. दिवसा एखादी नाकपुडी बंद असते, रात्री आडवे झाले की दोन्ही चोंदतात आणि कूस बदलली की चोंदलेली बाजूही बदलते. औषधाच्या दुकानातून नाकात टाकायचे थेंब आणले. सुरुवातीला त्यांनी रात्रभर आराम पडत असे. आता तीन-चार तासांत नाक पुन्हा बंद होते आणि बाटली उशाशी ठेवल्याशिवाय झोप लागत नाही. जोरात शिंकरूनही फारसे काही बाहेर येत नाही. मग आत अडकले आहे तरी काय?

उत्तर : आपल्या नाकात बहुधा काहीच अडकलेले नाही, आतला भाग सुजलेला आहे. नाकाच्या दोन्ही बाजूंना, बाहेरच्या भिंतीला लागून, एकाखाली एक अशा तीन-तीन मांसल वळ्या असतात. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. आत येणारी हवा ऊबदार आणि दमट करणे हे त्यांचे काम असल्यामुळे त्यांच्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. या जाळ्यात रक्त अधिक भरले की वळ्या, विशेषतः सर्वांत खालची वळी, फुगतात आणि हवेची वाट अरुंद होते. ताज्या सर्दीत शेंबडाचाही अडथळा असतो हे खरे; परंतु महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या नाकात बहुतेक वेळा खरा अडथळा या सुजेचा असतो. सूज शिंकरून बाहेर पडत नाही. उलट, जोर लावून शिंकरल्यास दाब कानांकडे आणि सायनसकडे जातो आणि आधीच चिडलेले अस्तर आणखी चिडते.

कूस बदलल्यावर चोंदलेली बाजू बदलते, हे आपले निरीक्षण अचूक आहे आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या उघड्या नसतात. काही तास एका बाजूच्या वळ्या फुगलेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या आकसलेल्या असतात, मग हा क्रम उलटतो. एरवी हे आपल्या लक्षातही येत नाही. मात्र मुळातच सूज असली, की ज्या बाजूची पाळी असेल ती बाजू पुरती बंद होते. त्यातच आडवे झाल्यावर डोक्याकडच्या शिरांमधला दाब वाढतो आणि कुशीवर झोपल्यास खालच्या बाजूची नाकपुडी अधिक चोंदते. म्हणून रात्र अवघड जाते. उशीपुरते नव्हे, तर छातीपासून वरचा भाग थोडा उंच राहील असे अंथरूण केले, तर ही अडचण काही अंशी कमी होते.

आता थेंबांविषयी. आपण बाटलीवरचे नाव कळवलेले नाही, परंतु दोन-तीन मिनिटांत नाक उघडणाऱ्या थेंबांत बहुधा झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन असते. ही औषधे वळ्यांमधल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात. सर्दीच्या ऐन भरात चार रात्री झोप मिळावी एवढ्यासाठी ती चांगली आहेत. सलग तीन ते पाच दिवसांपलीकडे ती वापरत राहिल्यास मात्र औषधाचा अंमल उतरताच रक्तवाहिन्या पूर्वीपेक्षा अधिक फुगतात, नाक आणखी बंद होते, पुन्हा थेंब टाकावे लागतात आणि दोन वेळांमधले अंतर कमी होत जाते. आपल्या पत्रात हाच क्रम दिसतो. मूळ सर्दी केव्हाच संपली असावी, आणि आजची सूज बऱ्याच अंशी थेंबांचीच असावी, असे मला वाटते. यात आपला दोष काहीच नाही. या औषधाचा हा गुणधर्मच आहे, आणि बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेली मुदत विक्रीच्या वेळी कोणी समजावून सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यातून बाहेर पडता येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा, म्हणजे फ्लुटिकासोन, मोमेटासोन किंवा बुडेसोनाइड यांपैकी एखादा, आधी सुरू करावा आणि मग थेंब सोडावेत. ज्यांना थेंब एकदम सोडणे जमत नाही, त्यांनी प्रथम एकाच नाकपुडीतले थेंब बंद करावेत. ती बाजू आपोआप उघडू लागली, की दुसरीकडचेही बंद करावेत. यामुळे निदान एका बाजूने श्वास घेता येतो आणि झोपेची फार आबाळ होत नाही. पहिले काही दिवस नाक पूर्वीपेक्षाही अधिक बंद वाटेल. ते सोसावे लागते. बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत फरक जाणवू लागतो. फार काळ थेंब वापरलेल्यांना थोडा अधिक वेळ लागू शकतो.

स्टेरॉइड हा शब्द वाचून मनात शंका येणे साहजिक आहे. या फवाऱ्यातील औषध प्रामुख्याने नाकाच्या अस्तरावरच काम करते, आणि फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन यांचा रक्तात जाणारा अंश अत्यल्प असतो. ज्यांना काचबिंदू किंवा मोतीबिंदू आहे त्यांनी तसे डॉक्टरांना सांगावे. खरी अडचण वेगळीच असते. हा फवारा थेंबांसारखा मिनिटांत परिणाम दाखवत नाही. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे रोज नियमाने वापरावा लागतो, आणि तिसऱ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून तो बाजूला ठेवणारे रुग्ण फार आढळतात. दुसरी चूक मारण्याच्या पद्धतीत होते. मान मागे टाकून, नळी सरळ वर धरून फवारा मारला आणि जोरात हुंगले, की औषध नाकात न थांबता घशात उतरते आणि कडवट चव तेवढी मागे राहते. त्याऐवजी मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजव्या हातात धरावी, आणि नळीचे टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे रोखावे. असे केल्याने फवारा मधल्या पडद्यावर न बसता वळ्यांवर बसतो. मधल्या पडद्यावर तो रोज बसत राहिला, तर खपली धरते आणि रक्त येते. फवारा मारताना श्वास हळुवार घ्यावा, हुंगू नये.

थेंब सुटल्यावरही नाक बंदच राहिले, तर मुळाशी दुसरे कारण आहे असे समजावे. शिंका, डोळ्यांना आणि तोंडातल्या टाळूला खाज, पाण्यासारखे वाहणारे नाक, आणि धूळ झटकताना किंवा ठरावीक ऋतूत वाढणारा त्रास, ही अ‍ॅलर्जीची लक्षणे आहेत. पहाटे उठल्याबरोबर त्रास अधिक असेल, तर गादी-उशांमधल्या धुळीतील सूक्ष्म किड्यांचा संशय घ्यावा; अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला ६० अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात धुतल्याने ते मरतात. सेटिरिझिन किंवा लोराटाडिनसारख्या गोळ्यांनी शिंका आणि खाज चांगली थांबते, परंतु चोंदलेपणावर त्यांचा परिणाम तोकडा असतो. तिथे फवाराच अधिक उपयोगी पडतो. अ‍ॅलर्जी नसतानाही तीव्र वास, थंड हवा, धूर किंवा मद्य यांमुळे नाक चोंदणारे बरेच लोक असतात. रक्तदाबावरची काही औषधे आणि थायरॉइडची कमतरता हीदेखील कारणे असू शकतात. म्हणून आपण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी.

सर्दीच्या मिश्र गोळ्यांविषयी एक गोष्ट इथेच सांगतो. त्यांपैकी अनेकांत नाक मोकळे करण्यासाठी म्हणून फेनिलएफ्रिन घातलेले असते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने, हे औषध नेहमीच्या मात्रेत पोटात घेतल्यास नाक मोकळे करत नाही, असा निष्कर्ष काढला, आणि २०२४ मध्ये त्या प्रशासनाने चिठ्ठीविना मिळणाऱ्या पोटातील औषधांतून ते वगळण्याचा प्रस्ताव मांडला. स्यूडोएफेड्रिनचा परिणाम होतो, पण त्याने रक्तदाब वाढतो आणि झोप उडते. रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांनी ते स्वतःच्या मनाने घेऊ नये.

प्रश्न : मिठाच्या पाण्याने नाक धुतल्याने आराम पडतो असे ऐकले. मी साध्या पाण्याने करून पाहिले तर नाकात प्रचंड आग झाली. ही पद्धत खरोखर सुरक्षित आहे का?

उत्तर : नीट केली तर सुरक्षित आहे आणि उपयोगीही आहे, मात्र पाण्याच्या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये. नळाचे पाणी पिण्यास योग्य असले, तरी ते तसेच नाकात घालणे योग्य नसते. गोड्या पाण्यात आढळणारा निग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा पोटात गेल्यास अपाय करत नाही, पण नाकावाटे तो मेंदूपर्यंत पोहोचू शकतो आणि तो संसर्ग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. असे फार क्वचित घडते. तरीही पाणी उकळण्याचा कंटाळा करावा इतके हे क्षुल्लक नाही. पाणी खळखळून उकळू लागल्यावर किमान एक मिनिट, आणि सुमारे दोन हजार मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटे उकळत ठेवावे आणि झाकून कोमट होऊ द्यावे. ऊर्ध्वपातित पाणीही चालते.

आग होण्याचे कारण म्हणजे साधे पाणी शरीरातल्या द्रवाइतके खारट नसते. एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ हे प्रमाण त्या द्रवाशी जुळते. पाव लिटर पाण्याला सव्वादोन ग्रॅम मीठ लागते, म्हणजे चहाच्या सपाट अर्ध्या चमच्याहून थोडे कमी. शक्यतो आयोडीन नसलेले बारीक मीठ घ्यावे आणि त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा मिसळावा. त्याने चुरचुर कमी होते. तयार पुड्या मिळतात, त्यांत प्रमाण बरोबर असते.

बेसिनवर पुढे वाकून डोके एका बाजूला कलते करावे, तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्यावा आणि वरच्या नाकपुडीत पाणी हलक्या हाताने सोडावे. ते दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येते. मग बाजू बदलावी. झाल्यावर लगेच सरळ उभे न राहता, थोडा वेळ खाली वाकून आत राहिलेले पाणी निथळू द्यावे. नाही तर तासाभराने कामात असताना ते अचानक नाकातून गळते. शेवटी एकेक नाकपुडी हलकेच शिंकरावी, दोन्ही बाजू एकदम दाबू नयेत. औषधाचा फवारा वापरत असाल, तर तो धुण्यानंतर काही मिनिटांनी मारावा. धुऊन स्वच्छ झालेल्या अस्तरावर तो नीट बसतो, आणि क्रम उलटा केला तर औषधच वाहून जाते. बाटली प्रत्येक वेळी धुऊन कोरडी करावी. कान दुखत असताना किंवा दोन्ही बाजू पूर्ण बंद असताना पाणी जोराने आत ढकलू नये.

प्रश्न : माझ्या ‘नाकाचे हाड वाढले आहे’ असे सांगून शस्त्रक्रिया सुचवली आहे. ती करावी का? नंतर पुन्हा वाढेल का?

उत्तर : अशा वेळी सहसा काही वाढलेले नसते, दोन नाकपुड्यांमधला पडदा एका बाजूला वाकलेला असतो. किंचित वाकलेला पडदा असंख्य लोकांचा असतो आणि त्याचा त्यांना काहीच त्रास नसतो. म्हणून छायाचित्रात पडदा वाकलेला दिसला, एवढ्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. आपल्या त्रासाचे किती श्रेय पडद्याला आणि किती सुजेला, हे आधी ठरायला हवे. डॉक्टर नाकात वळ्या आकसणारे औषध मारून पुन्हा तपासतात; त्यानंतर नाक चांगले मोकळे झाले, तर मोठा वाटा सुजेचा असतो आणि काही आठवडे फवारा वापरून पाहणे योग्य ठरते. बाजू तीच कायम बंद राहत असेल आणि औषधाने फरक पडत नसेल, तर पडद्याकडे बोट जाते.

एक साधी चाचणी आपणही करू शकता. आरशासमोर उभे राहून, नाकपुडीलगतच्या गालावर दोन बोटे टेकवून गाल हलकेच कानाच्या दिशेने ओढावा आणि श्वास घेऊन पाहावा. तेवढ्याने ती बाजू लक्षणीय मोकळी झाली, तर अडथळा नाकाच्या तोंडाशीच, अगदी पुढच्या अरुंद भागात असू शकतो. अशांना रात्री नाकावर बाहेरून चिकटवायच्या पट्टीनेही आराम पडतो. ही चाचणी निदानाची जागा घेत नाही, पण डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडते.

योग्य रुग्णाला शस्त्रक्रियेचा लाभ होतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वाकलेल्या पडद्यामुळे नाक बंद असलेल्या प्रौढांना सहा महिन्यांनंतर फवाऱ्यांच्या उपचारापेक्षा शस्त्रक्रियेने अधिक आराम मिळाल्याचे दिसले. नीट सरळ केलेला पडदा सहसा पुन्हा वाकत नाही. परंतु अ‍ॅलर्जी असेल, तर ती शस्त्रक्रियेने जात नाही आणि फवारा पुढेही लागू शकतो. पडद्याबरोबर वळ्याही लहान करायच्या असे सांगितले असेल, तर किती ऊतक काढणार हे अवश्य विचारावे. वळ्या प्रमाणाबाहेर कापल्यास नाक आतून मोकळे दिसूनही रुग्णाला ते सतत बंदच वाटते आणि कोरडे पडते. ही स्थिती सुधारणे फार कठीण असते.

प्रश्न : आमचा मुलगा पाच वर्षांचा आहे. तो तोंड उघडे ठेवून झोपतो, घोरतो आणि अलीकडे हाक मारली तरी पटकन लक्ष देत नाही. त्याला कोणते थेंब द्यावेत?

उत्तर : थेंब देऊ नका, त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. या वयात नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात अ‍ॅडेनॉइड नावाच्या ग्रंथी मोठ्या असतात. त्या फार वाढल्या, की नाकाची मागची वाट अडते आणि कानाकडे जाणाऱ्या नळीचे तोंडही दबते. त्यामुळे कानाच्या पडद्यामागे द्रव साठून ऐकू कमी येते. हाकेला उत्तर न देणे हा हट्टीपणा समजून त्याला रागावू नका. आधी ऐकण्याची तपासणी करा. झोपेत मध्येच श्वास थांबतो का, घाम फार येतो का, दिवसा तो चिडचिडा असतो का, हे पाहून ठेवा. रात्री मोबाइलवर त्याच्या झोपेचे एक-दोन मिनिटांचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवले, तर शब्दांपेक्षा अधिक उपयोग होतो. मुले मोठी होतात तशा या ग्रंथी लहान होत जातात. काहींना स्टेरॉइडच्या फवाऱ्याने फरक पडतो, आणि श्वास अडत असेल किंवा ऐकू येत नसेल तर त्या काढाव्या लागतात.

लहान मुलांच्या सर्वच पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर मुलाने आत काही घातले आहे असे धरून चालावे. ती वस्तू बटणाच्या आकाराची बॅटरी असण्याची शंका आली, तर सकाळपर्यंतही थांबू नये. काही तासांत ती आतला भाग जाळते.

प्रश्न : वाफारा आणि बाम यांचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : वाफेने थोडा वेळ बरे वाटते, शेंबूड सैल होतो, सूज मात्र त्याने फारशी उतरत नाही. उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून भाजण्याचे प्रकार, विशेषतः मुलांच्या बाबतीत, घडतात. त्यामुळे मुलांना असा वाफारा देऊ नये असे माझे ठाम मत आहे. गरम पाण्याने अंघोळ करताना न्हाणीघरात साठणारी वाफ पुरेशी असते. बाममधील मेंथॉल नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवते, त्यामुळे हवा अधिक आत येत असल्याची जाणीव होते. प्रत्यक्षात वाट तेवढीच अरुंद असते. झोप लागायला ती जाणीवही कामी येते, म्हणून मोठ्यांनी छातीवर बाम लावायला हरकत नाही. दोन वर्षांखालील बाळांना कापूर किंवा मेंथॉल असलेले काहीही लावू नये, आणि कोणत्याही वयात ते नाकाच्या आत घालू नये.

प्रश्न : मला सहावा महिना सुरू आहे. सर्दी नाही, तरी नाक सतत बंद असते.

उत्तर : गरोदरपणात नाकाचे अस्तर असे सुजू शकते आणि प्रसूतीनंतर साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरते. तोवर मिठाच्या पाण्याने धुणे, डोक्याकडची बाजू उंच ठेवणे आणि नाकावर चिकटवायची पट्टी यांवर भर द्यावा. फार त्रास असल्यास आपले डॉक्टर फवारा देऊ शकतात. नाक मोकळे करणाऱ्या पोटातल्या गोळ्या आणि थेंब स्वतःहून घेऊ नका. घोरणे नव्याने सुरू झाले असेल, तर पुढच्या तपासणीत आवर्जून सांगा.

प्रश्न : माझ्या वडिलांची डावी नाकपुडी दोन महिन्यांपासून बंद आहे आणि रुमालावर अधूनमधून रक्ताचे डाग दिसतात. उन्हामुळे असेल असे ते म्हणतात.

उत्तर : तसे समजून थांबू नये. एकच बाजू सतत बंद राहणे आणि त्याच बाजूने रक्त येणे, या जोडीची तपासणी दुर्बिणीने व्हायलाच हवी. तपासणीत पॉलिप (अस्तराची मऊ वाढ) किंवा साधी खपली एवढेच कारण निघू शकते. परंतु नाकातील गाठी प्रथम अशाच दिसतात आणि त्या लवकर सापडल्या तर उपचार सोपे होतात. गाल बधिर वाटणे, एका डोळ्यातून सतत पाणी येणे किंवा दुहेरी दिसणे यांपैकी काही असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. डोळ्याभोवती सूज, तीव्र डोकेदुखीसह ताप किंवा मान ताठणे दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एरवी याच आठवड्यात तज्ज्ञांची वेळ घ्यावी, आणि वडील तयार नसतील तर आपण स्वतः सोबत जावे.